धोंडूची बुद्धी

माणसानं सत्तरी ओलांडल्यावर कोणते खेळ खेळावेत, याबद्दल आपल्या शास्त्रकारांनी काही लिहून ठेवल्याचं माझ्या वाचनात नाही. रूढी मात्र सांगते. पत्ते खेळावेत, पण पैसे लावू नयेत. बुद्धिबळ खेळावं, पण नातवाला हरवू नये. क्रिकेट नुसतं पाहावं आणि पाहताना खेळाडूंना नावं ठेवावीत. ही रूढी मी आजवर इमानानं पाळत आलो होतो. पण गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेत राहायला गेलो आणि तिथे, जन्मभर पोरांना गणित शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसानं, बुद्धी ५ असलेल्या एका गड्याचं सोंग घेतलं! त्या सोंगाचीच ही हकिकत आहे.

मुलगी विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहरात राहते. नातू सोळा वर्षांचा. दर शनिवारी संध्याकाळी त्याची मित्रमंडळी घराच्या तळघरात जमतात आणि एका मोठ्या टेबलाभोवती बसून तीन-तीन तास खेळतात. पहिल्या शनिवारी मी जिना उतरून डोकावलो, तेव्हा मला काही उमजेना. पट नाही, पत्ते नाहीत, डाव नाही. मध्ये चौकटी आखलेला एक कागद आणि फासे मात्र मूठमूठभर. सहा बाजूंचे आपल्या ओळखीचे, पण त्यांच्या जोडीला चार बाजूंचे, आठ बाजूंचे, बारा बाजूंचे, वीस बाजूंचे. शकुनीमामाला दाखवले असते तर तोही चक्रावून गेला असता.

खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. मी मनातल्या मनात त्याचं 'भुयारं आणि अजगर' असं भाषांतर करून टाकलं. खेळाची रीत अशी : एक जण सूत्रधार होतो. तो एक काल्पनिक मुलूख रचतो आणि त्याचं वर्णन करतो. "तुम्ही जंगलातून चालला आहात, पुढे पडका वाडा दिसतो आहे." बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं. कुणी मांत्रिक, कुणी लढवय्या, कुणी चोर. आपलं सोंग आता काय करील, ते ज्यानं त्यानं सांगायचं. वाड्याचा दरवाजा फुटेल की नाही, अशी शंका आली म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि तो सांगेल ते मानायचं. शेवटी कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट मात्र पुढे सरकते. आपल्या सारीपाटात सोंगट्या असतात. इथे खेळणाराच सोंगटी आणि खेळणाराच सोंगाड्या.

हा खेळ जन्मला तो तिथून मोटारीनं तासाभराच्या वाटेवर, लेक जिनीव्हा नावाच्या लहानशा गावात. पूर्वी विम्याच्या कचेरीत नोकरी केलेला आणि पुढे काही काळ जोडे दुरुस्त करून पोट भरणारा गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटा राज्यातला डेव्ह आर्नेसन, अशा दोघांनी मिळून तो रचला. १९७४ साली तीन पातळ पुस्तिका घातलेली १००० खोकी निघाली, तीही घरातल्या घरात भरलेली. आज हे दोघेही हयात नाहीत. गायगॅक्स २००८ साली गेला, आर्नेसन २००९ साली. पण त्यांचे फासे अजून गडगडताहेत.

दुसऱ्या शनिवारी एक गडी आजारी पडला. नातू वर आला आणि म्हणाला, "आजोबा, तू बस ना आमच्यात." तिकडे वाढलेल्या मुलांच्या मराठीत 'तुम्ही'ला जागा नसते. मुलगी कानकोंडी झाली, पण मला त्या 'तू'त एक लाडीगोडी वाटली. मी उतरलो.

आधी सोंगाचा कागद तयार करायचा. प्रत्येक सोंगाचे सहा गुण मोजतात : बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. बुद्धी आणि शहाणपण वेगळे धरले आहेत, हे ऐकून मी मान डोलावली. रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ असणं ही बुद्धी आणि घरातून वेळेवर निघणं हे शहाणपण. माझ्याकडे पहिलं आहे, माझ्या पत्नीकडे दुसरं. एकेका गुणासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आणि बेरीज मांडायची. म्हणजे कमीत कमी ३, जास्तीत जास्त १८, सरासरी साडेदहा. मी फासे टाकत गेलो आणि नातू लिहीत गेला. बळ १५. चापल्य ९. काटकपणा १४. बुद्धी ५!

टेबलावर शांतता पसरली. परीक्षेचा निकाल लागल्यावर नापास झालेल्या पोराच्या घरी पसरते तशी. पुढे शहाणपण १३ आणि छाप ८ पडली, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"आजोबा, पुन्हा टाक. चालतं," नातू म्हणाला.

चालतं, हे खरंच. या खेळात दया उत्तरोत्तर वाढत गेलेली आहे. पहिल्या पुस्तिकांत तीन फासे आणि पडेल तो आकडा, असा रोख व्यवहार होता. १९७८ च्या पुस्तकात खुद्द गायगॅक्सनं लिहिलं की, सोंग जगायचं असेल तर निदान दोन गुण १५ किंवा त्याच्या वर हवेत. १९७९ साली चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा सोडून देण्याची मुभा पुस्तकात आली. २०१४ च्या आवृत्तीत तर फासे टाकायलाच नकोत, अशीही सोय आहे. २७ गुण हातात घ्यायचे आणि बाजारातून भाजी आणावी तसे सहा आकडे विकत घ्यायचे. त्या बाजारात ८ च्या खालचा माल ठेवतच नाहीत. आपल्याकडे शालान्त परीक्षेचे टक्के असेच चढत गेलेले मी पाहिलेत. तेव्हा मी ताठ्यानं म्हणालो, "मार्क वाढवून देणं मला जन्मात जमलं नाही. ५ तर ५."

सोंगाचं नाव मी ठेवलं धोंडू. पोरं त्याला 'डोंडू' म्हणू लागली.

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी बहार उडवून दिली. धोंडूनं शिरस्त्राण उलटं घातलं. राजाच्या घोड्याला मुजरा केला. दिव्यातलं तेल सरबत समजून प्यायला. बोलणं इंग्रजीत, पण मधूनमधून तो तोंड उघडं टाकून विचारी, "म्हणजे काय?" आणि पोरं खो-खो हसत. जेवताना मी मुलीला म्हटलंही, "तुझ्या बापात एक नट दडला होता, बरं का!" पत्नी काही बोलली नाही. ती ताटं उचलून आत गेली.

आजारी गडी बरा होऊन आला, तरी पोरांनी मला उठवलं नाही. पुढच्या शनिवारी मात्र गंमत बिनसली. सगळी मंडळी एका कड्याआड दबा धरून बसली होती. मांत्रिकाचं सोंग घेतलेल्या मुलीनं अर्धा तास खपून एक बेत रचला होता. तिच्या सोंगाची बुद्धी १८. आणि नेमक्या वेळी माझ्या धोंडूला शिंक आली आणि त्यानं जोरात हाक मारली. मी हसलो. बाकी कोणी हसलं नाही. मग त्याच रात्री एका दारावर आकड्यांचं कोडं आलं. दर पायरीला तिप्पट होणारी ती श्रेढी पाहताच माझ्यातला मास्तर जागा झाला आणि बुद्धी ५ असलेल्या धोंडूनं उत्तर ठणकावून सांगितलं! मांत्रिक झालेल्या मुलीनं पेन्सिल खाली ठेवली.

सगळे गेल्यावर नातू फासे पिशवीत भरत होता. त्याला रागावता येत नव्हतं, कारण मी आजोबा. त्यानं आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत मला धडा दिला. छत्तीस वर्षांच्या मास्तरकीत असा धडा मी कुणाला दिला नाही.

तो म्हणाला, "आजोबा, कमी नंबर असला की लोक दोन चुका करतात. एक म्हणजे तो नंबर विसरतात आणि स्वतःच्याच डोक्यानं खेळतात. ते तू कोड्याच्या वेळी केलंस. दुसरी म्हणजे तो नंबर सोडून बाकी सगळं विसरतात. मग तो माणूस राहत नाही, जोक होतो. आणि जोकमुळे दुसऱ्यांचा खेळ मोडतो. ते तू शिंकताना केलंस."

"मग करायचं काय?"

"धोंडूला माहीत नाही की तो ढ आहे. तो त्याच्या परीनं बरोबरच करतो. त्याला काय येतं? त्याला कोण आवडतं? त्याला भीती कशाची वाटते? ते आधी ठरव. तू धोंडूला वरून बघतोस. आतून बघ ना."

एवढं बोलून पोरगा दिवे मालवून झोपायला गेला. मला काही झोप आली नाही.

'ढ' हा शब्द त्याला कुणी शिकवला? मीच असणार. तो लहान असताना फोनवरून बाराखडी शिकवताना मी सांगितलं होतं की, सगळी अक्षरं बदलत गेली, पण 'ढ' मात्र ब्राह्मीपासून आहे तसाच राहिला, म्हणून न शिकणाऱ्या पोराला 'ढ' म्हणतात. वर्गात हा विनोद मी दरवर्षी करीत असे. दरवर्षी वर्ग हसे आणि मागच्या बाकावरचं कुणीतरी खाली पाही.

पण त्या रात्री माझी झोप उडाली ती 'ढ'मुळे नव्हे. "म्हणजे काय?" हा धोंडूचा सूर माझ्या कानांत घुमत होता आणि तो माझा नव्हता. तो दादाचा होता.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सातवीत दोनदा नापास झाल्यावर वडिलांनी त्याला शेतावर घातलं. पुढे या खेळाच्या १९७८ च्या नियमांत मला असंच एक कलम सापडलं : बुद्धी ५ किंवा त्याहून कमी असेल, तर सोंगाला लढवय्या होण्यावाचून गत्यंतर नाही. आमच्याकडे हे कलम वीस वर्षं आधीच लागू होतं. दादानं नांगर धरला आणि त्या नांगरावर मी शिकलो. बैल चालताना पाहून त्याच्या कोणत्या पायात काटा आहे, ते दादा बांधावरून सांगे. पण विनोद त्याला उशिरा कळे आणि कळला नाही तर तो खुशाल विचारी, "म्हणजे काय?" त्यात त्याला कधी लाज वाटली नाही. लाज मला वाटे.

मी मास्तर झालो, बिऱ्हाड केलं. घरी सहकारी चहाला येत, तेव्हा दादाच्या नकला हा माझा हमखास यशाचा कार्यक्रम होता. तोच उघडा जबडा, तोच सूर. मंडळी पोट धरून हसत. पत्नी तेवढी कप उचलून आत जाई. एकदा दादा गावाहून भाजीची पिशवी घेऊन आलेला मला कळलंच नाही. नक्कल संपली, तेव्हा तो दारात उभा होता. तोही हसत होता, सगळे हसत होते म्हणून. मग पिशवी खाली ठेवून त्यानं मला विचारलं, "मी असा बोलतो?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

आणि त्याहूनही एक वाईट गोष्ट आहे. १९८६ साली आम्ही दोघा भावांनी विहिरीकडची एक पट्टी विकायला काढली. मध्यस्थानं कागद वाचून दाखवला. त्यात पाण्याच्या पाळीबद्दल एक वाक्य होतं. दादा म्हणाला, "म्हणजे काय?" मध्यस्थानं सांगितलं. दादानं पुन्हा विचारलं, "म्हणजे काय?" मध्यस्थानं पुन्हा सांगितलं, पण जरा निराळं. दादानं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मध्यस्थ हसून माझ्याकडे पाहू लागला. मी पदवीधर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "दादा, तुला नाही कळायचं ते. सही कर." त्यानं एकेक अक्षर कोरून सही केली. पट्टीबरोबर विहिरीवरची आमची पाळीही गेली. पुढचे दोन उन्हाळे दादानं लांबच्या ओढ्यावरून गुरांना पाणी आणलं. "मी विचारत होतो की नाही," एवढंसुद्धा तो कधी म्हणाला नाही. २०११ साली तो गेला.

पहाटे तीनच्या सुमारास मी उठलो आणि सवयीनं कागद-पेन्सिल घेऊन गणित करीत बसलो. या खेळात आकडा ५ असला की फाशातून ३ वजा होतात. साधारण माणसाच्या फाशातून काही वजा होत नाही आणि त्यात काही मिळवतही नाहीत. १८ वाल्याला ४ मिळतात. आता समजा, एखादं साधं काम आहे आणि त्याला १० हवेत. साधारण माणूस विसांतून ११ वेळा पार पडतो. मांत्रिक विसांतून १५ वेळा. आणि धोंडू? ८ वेळा. अभ्यासानं मिळणारी भर यात धरलेली नाही. म्हणजे साधारण माणूस आणि 'ढ' यांच्यात फरक किती, तर विसांतल्या तीन बाजूंचा. शेकडा १५. आणि मांत्रिक एवढा हुशार, तरी विसांत पाच वेळा चुकतोच.

आणखी एक हिशेब केला. तीन फाशांत ५ किंवा त्याहून कमी पडण्याचा संभव २१६ त १०. पण गुण सहा आहेत, फासे सहा वेळा पडतात. तेव्हा सहांपैकी एखादा तरी आकडा इतका खाली जाण्याचा संभव जवळजवळ चारांत एक येतो. आमच्या वर्गात साठ पोरं असत. या हिशेबानं पंधरा जणांच्या कागदावर कुठे ना कुठे एक ५ असायचा. मी मात्र सहांपैकी एकच रकाना तपासत होतो आणि त्यावरून सगळ्या पोराचा निकाल लावत होतो. धोंडूचं शहाणपण १३ आहे, हे त्याच्याच कागदावर लिहिलेलं होतं. बुद्धीच्या खालच्याच ओळीत. मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं.

त्यापुढच्या शनिवारी मी खाली उतरलो, तो धोंडूला शिंका आणायच्या नाहीत असं ठरवून. मंडळी एका बाजारपेठेत शिरली होती. तिथे एक गोडबोल्या व्यापारी भेटला. नातू असली सोंगं झकास वठवतो. व्यापाऱ्यानं डोंगरापलीकडची वाट दाखवायचं कबूल केलं, मात्र सगळ्यांनी शस्त्रं त्याच्या वखारीत ठेवायची. त्यानं कारण सांगितलं ते मोठ्या शब्दांत. मांत्रिकाला ते पटलं. बाकीच्यांनीही माना हलवल्या. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

धोंडूला त्यातलं अवाक्षर कळलं नव्हतं. नाटक म्हणून नव्हे, त्याच्या जागी बसून पाहिलं तर कळण्यासारखं नव्हतंच. मी हळूच विचारलं, "म्हणजे काय?"

या वेळी कोणी हसलं नाही, कारण मी हसवायला विचारलं नव्हतं. व्यापाऱ्यानं पुन्हा समजावलं. जरा निराळं. मी म्हटलं, "आत्ता तुम्ही पहारेकऱ्यांचं नाव घेतलंत. मघाशी चोरांचं घेतलं होतं. मला कळत नाही. म्हणजे काय?"

नातवानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "आजोबा, फासा टाक. बुद्धीचा नाही, शहाणपणाचा."

त्यानं मनाशी १५ धरले होते, ते त्यानं नंतर सांगितलं. फाशावर पडले १४. शहाणपण १३, त्याची भर १. बरोबर १५. व्यापारी लबाड होता आणि वखारीच्या मागच्या दारी त्याची माणसं टपून होती. टेबलावर एकच गिल्ला झाला. मांत्रिक झालेल्या मुलीनं माझ्या पाठीवर थाप मारली.

मी हसण्यात सामील झालो, पण माझं मन तिथे नव्हतं. फासा ३ पडला असता तरी धोंडूनं विचारलं ते बरोबरच होतं. दादानं विचारलं तेही बरोबर होतं आणि तिथे तर फासासुद्धा पडायचा नव्हता. फक्त शेजारी बसलेल्या शहाण्यानं गप्प बसायचं होतं.

आम्ही पावसाळ्यात परत आलो. धोंडू अजून जिवंत आहे. तिकडे शनिवारचे संध्याकाळचे आठ वाजले की इथे रविवारची सकाळचे साडेसहा होतात. मी फोन उभा करून बसतो आणि समुद्रापलीकडच्या तळघरात धोंडू चालू लागतो. आता त्याला घोड्यांचं चांगलं कळतं, अंधाराची भीती वाटते आणि मांत्रिकावर त्याचा फार जीव आहे. नातू सांगत होता की, त्याच्या मित्रांत आता कुणाला एखादी गोष्ट कळली नाही, म्हणजे ती अमेरिकन पोरंसुद्धा आपसात 'म्हंजे काय' म्हणतात.

परवाच्या रविवारी खेळ संपवून मी फोन बंद केला, तेव्हा पत्नी चहा घेऊन मागे उभी होती. किती वेळ उभी होती, कोण जाणे. कप माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "आज अगदी भाऊजी बोलल्यासारखं वाटलं."

आणि कधी नव्हे ती, आत न जाता समोरच्या खुर्चीवर बसली.